अडतं, पण कोणाचं?

नोकरीतला माणूस अचानक गेला की त्याच्याबद्दल दोन वाक्यं हमखास बोलली जातात. पहिलं शोकसभेत: 'स्वभावाने फार चांगला होता हो.' दुसरं आठवड्याभराने, चहाच्या टपरीवर: 'शेवटी काय, कोणावाचून कोणाचं अडत नाही.' पहिल्यात हळवेपणा आहे, दुसऱ्यात व्यवहारी शहाणपणाचा आव. ऐकताना ही दोन टोकं वाटतात. माझ्या मते ती एकाच उथळ समजुतीची दोन तोंडं आहेत आणि दुसरं वाक्य पहिल्याच्याच पोटी जन्माला येतं. सहकाऱ्याचा चांगुलपणा एकदा 'स्वभाव' या खात्यात जमा केला की तो काम राहत नाही. आणि जे कामच नव्हतं ते थांबल्याने काही अडण्याचा प्रश्न येतोच कुठे?

कार्यालयातला चांगुलपणा हे काम असतं, असं माझं म्हणणं आहे. त्याला वेळ लागतो, कौशल्य लागतं, माहिती लागते, आणि ते कुठल्याही रजिस्टरात चढत नाही. ते करणारा माणूस गेला की अडतं, चांगलंच अडतं. फक्त ज्यांचं अडतं त्यांचा आवाज साहेबांच्या केबिनपर्यंत पोचत नाही. म्हणून अशा माणसाची आठवण नुसती हळहळून पुरी होत नाही, तिचा हिशोब मांडावा लागतो.

हे मी तालुक्याच्या गावातल्या एका बँकेच्या शाखेत बसून लिहितो आहे. आमच्या एक सहकारी या ऑगस्टमध्ये गेल्या. शनिवारी काउंटर बंद करून घरी गेल्या, रविवारी रात्री हृदयविकाराचा झटका आला. वय पन्नाशीच्या आतबाहेर. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. वयाने मोठे असलेलेसुद्धा. त्यांच्याविषयी खाजगी असं मी काही सांगणार नाही. मुद्दा समजण्यापुरतं, त्या कामावर काय करायच्या तेवढंच सांगतो.

१. विशेषणांची शोकसभा

शोकसभा सोमवारी संध्याकाळी, कॅश जुळल्यावर झाली. बोलणाऱ्यांनी 'मनमिळाऊ', 'हसतमुख', 'अजातशत्रू', 'कधी कुणाला दुखावलं नाही' हेच शब्द आलटून पालटून वापरले. कोणी खोटं बोललं नाही, काहींचा आवाजही भरून आला. पण हीच विशेषणं दुसऱ्या शाखेत, दुसऱ्या कुणाच्या फोटोसमोर म्हटली असती तरी एक शब्द बदलावा लागला नसता. व्यक्तिचित्र हा प्रकार मराठीने जेवढ्या हौसेने जोपासला तेवढा फार थोड्या भाषांनी जोपासला असेल. 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माणूस त्याच्या लकबीतून, लहरीतून, पानाच्या डब्यातून उभा करायला आपल्याला येतं. मग ज्याच्याशेजारी वर्षानुवर्षं डबा उघडला त्या माणसावर बोलायची वेळ आली की आपण सरकारी छापाची भाषा का काढतो?

संकोच, हे एक कारण आहे. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: विशेषण सोयीचं असतं. 'प्रेमळ होत्या' म्हटलं की त्या नेमकं काय करत होत्या, कुणासाठी, किती वाजेपर्यंत, स्वतःचं काय बाजूला ठेवून, हे सांगायची गरज उरत नाही. प्रेमळपणा त्यांच्या अंगातच होता, झाडाला फळं यावीत तसा. झाडाचे आभार कोण मानतं आणि झाडाची जागा भरायला कोण निघतं! स्वभावाला पगार नसतो, रजा नसते, बदली कर्मचारी नसतो. स्वभाव फुकट मिळतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉचशील्ड यांनी १९८३ मध्ये 'द मॅनेज्ड हार्ट' या पुस्तकात विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास मांडला. प्रवाशाने अपमान केला तरी चेहऱ्यावर हसू ठेवणं हे श्रमच आहेत, कंपनी ते शिकवते, विकते आणि त्याचा थकवा मात्र त्या बाईच्या वाट्याला येतो, हे त्यांनी दाखवलं. आमच्या ताईंचं प्रकरण याहून अवघड आहे. त्यांच्याकडून हसू कोणी मागितलं नव्हतं, शिकवलं नव्हतं. मागितलं असतं तर निदान कुठेतरी लिहिलेलं सापडलं असतं. आणि त्या बाई होत्या, हेही विसरून चालणार नाही. पुरुष क्लार्कने म्हाताऱ्या खातेदाराचा फॉर्म भरून दिला तर 'काय माणूस आहे!' म्हणतात, बाईने भरून दिला तर कोणी काही म्हणत नाही, कारण बायका तसं करतातच असं धरलेलं असतं.

२. नोव्हेंबर, जवळून

पेन्शनरांची खाती असलेल्या शाखेत नोव्हेंबर म्हणजे हयातीचे दाखले. आपण जिवंत आहोत हे निवृत्त माणसाने वर्षातून एकदा सिद्ध करायचं, नाहीतर पेन्शन थांबते. राज्य सरकारच्या निवृत्तांची यादी कोषागाराकडून येते, तिच्यात नावासमोर सही किंवा अंगठा लागतो. केंद्राच्या निवृत्तांसाठी २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आहे: आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा, अलीकडे मोबाइलवर चेहराही चालतो. ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. नियम म्हणून सांगायचं तर एवढंच आहे, आणि नियम म्हणून ते चांगलंही आहे.

नियमात जे नाही ते असं. आयुष्यभर माती कालवलेल्या, भांडी घासलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. यंत्र ठसा घेत नाही. मग बोट ओल्या फडक्याने पुसायचं, पुन्हा टेकवायचं, दुसरं बोट, दुसरा हात, आणि तरीही नाहीच जमलं तर कागदी दाखला भरायचा. मागे रांग वाढते, पुढचा माणूस चुळबुळतो, समोरच्या म्हातारीला वाटतं आपल्याच हाताची चूक. अशा वेळी तिच्याशी बोलत राहायचं, म्हणजे तिचा हात थरथरत नाही. हा शेवटचा भाग कुठल्याही परिपत्रकात नाही आणि त्याच्याशिवाय ठसा उमटत नाही.

ताईंच्या यादीच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने लिहिलेलं असायचं. 'ऐकू कमी, डाव्या बाजूने बोलणे.' 'बाजाराच्या दिवशी येतो.' 'मुलगा चिंचवडला, नंबर मागे.' 'नात सही ओळखते.' तिसऱ्या आठवड्यात ज्यांच्या नावासमोर खूण नसायची त्यांना त्या स्वतःच्या मोबाइलवरून फोन करायच्या. असा फोन करणं सोपं नसतं. पलीकडे घरात दुःख झालेलं असू शकतं. 'आजोबा हयात आहेत का' असं त्या कधी विचारत नसत. 'आजोबा यंदा कधी येताहेत?' असं विचारायच्या. उत्तर यायच्या आधी जी शांतता पडायची त्यावरून त्यांना कळायचं. मग त्याच फोनवर त्या आजींना कुटुंब पेन्शनसाठी काय कागद लागतील ते सांगायच्या, आणि दुसऱ्यांदा सांगायच्या, कारण पहिल्यांदा कोणी ऐकत नाही.

याला स्वभाव म्हणायचं असेल तर म्हणा. मला यात पद्धत दिसते: वर्षानुवर्षं गोळा केलेली माहिती, चुका करत करत सापडलेलं प्रश्नाचं रूप, क्रम, आणि वेळेचं गणित. काउंटरवरच्या नव्या मुलाची कॅश कमी आली की सगळे घड्याळाकडे बघायचे, कारण तूट त्याच्या खिशातून जाणार असते. ताई मात्र खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. आधी व्हाउचरं, मग बंडलं, हा त्यांचा क्रम. 'नोटा नंतर मोज, आधी कागद बघ, तुझा हात चुकलेला नसतो, आकडा चुकलेला असतो.' त्या मुलाला यातून माया मिळाली हे खरंच, पण त्याला तपासाची रीतही मिळाली. कृती करत करतच माणूस तसा होतो, असं ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात म्हणून ठेवलं आहे. आपण मात्र सवयीने घडवलेली गोष्ट जन्मजात ठरवतो आणि घडवण्याचं श्रेय काढून घेतो.

३. न झालेला चार्ज

बँकेत माणूस निवृत्त झाला, बदलून गेला की चार्ज दिला-घेतला जातो. अचानक गेला तरी व्यवस्था सज्ज असते. तिजोरीच्या किल्ल्या दोघांच्या ताब्यात असतात. एक गेला तर दुसरीकडे ठेवलेला जादा संच रीतसर काढून आणतात. युजर आयडी बंद होतो, काउंटरवर दुसरा बसतो, सह्यांचे अधिकार फिरतात. हे सगळं दोन दिवसांत होतं आणि तसं व्हायलाच हवं, कारण लोकांचे पैसे आहेत. या तत्परतेला निष्ठुरपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण त्यातूनच दुसरी गोष्ट उघडी पडते. ज्याची नोंद आहे त्याचाच चार्ज होतो. पेन्सिलीची यादी ही कुठल्याच नियमात 'दस्तऐवज' नव्हती. टेबल आवरताना ती रद्दीत जायची राहिली हे नशीब. निवृत्तीच्या वेळी निदान शेवटच्या महिन्यात 'बाळा, हे असं करत जा' म्हणायला सवड मिळते. अचानक मृत्यूत नोंदलेलं सगळं शाबूत राहतं आणि न नोंदलेलं तेवढं जातं. आठवणीचं खरं काम इथे सुरू होतं, आणि नेमकी इथेच आपण मेणबत्ती लावून मोकळे होतो.

४. 'अडत नाही' हे कुठल्या खुर्चीवरून दिसतं

आता दुसऱ्या वाक्याकडे. शाखा चालू आहे, ठेवी वाढताहेत, हिशोब जुळतात, ऑडिटरने वेगळा शेरा मारलेला नाही. अडलं कुठे?

अडलेलं दिसायला दोनच वाटा असतात: आकडा घसरावा किंवा तक्रार यावी. दाखला न दिल्याने एखाद्याची पेन्शन थांबली तर बँकेचा कुठला आकडा घसरतो? उलट कागदावर सगळं नियमाप्रमाणे झालेलं असतं. राहिली तक्रार. ती आधी बँकेकडे करायची, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं; २०२१ पासून सगळ्या लोकपाल योजना एकत्र करून ही वाट बरीच सोपीही केली आहे. पण ज्याची बोटं झिजली आहेत, ज्याला ऐकू कमी येतं, तो पोर्टलवर तक्रार टाकणार आहे का? तो पासबुक भरून घेतो, रक्कम दिसत नाही, काउंटरवर 'दाखला नाही' असं ऐकतो आणि म्हणतो, 'माझंच चुकलं.' पुढच्या एसटीने घरी जातो. आमच्या अहवालात तक्रारी शून्य.

म्हणजे 'कोणावाचून अडत नाही' हे वाक्य खोटं ठरूच नये अशी सोय आपण करून ठेवली आहे. ज्यांचं अडतं ते मोजमापाच्या बाहेर उभे आहेत. साहेबांच्या खुर्चीवरून हे वाक्य प्रामाणिकपणे खरं दिसतं. तेच वाक्य काउंटरच्या पलीकडच्या बाकड्यावरून म्हणून बघा.

याच ठिकाणी मला ताईंच्या चांगुलपणाबद्दल एक कडू गोष्टही बोलायची आहे. शाखेत एक क्लार्क कमी आहे हे कित्येक वर्षं कोणाला जाणवलं नाही, कारण ताई होत्या. त्यांचा डबा चार वाजता उघडायचा. उशिरा येणाऱ्याचं काउंटर त्या सांभाळायच्या, त्यामुळे तो उशिराच येत राहिला. त्यांना नाही म्हणता येत नसे. त्यांच्या मदतीने संस्थेची उणीव झाकली गेली आणि झाकली गेली म्हणून टिकली. आम्ही 'ताई आहेत ना' म्हणायचो, ते प्रेमाने म्हणायचो. पण त्या प्रेमात आमचं आयतं काम होत होतं, हे त्याच वाक्यात ऐकू येत नाही का?

५. नात्याबाहेरचा शोक

सहकारी गेला तर आपण नक्की कोण लागतो? सुतक नाही. रजा नाही. दहाव्याला जायचं का, घरी भेटायला जाताना किती जणांनी जायचं, तिथे काय बोलायचं, काही ठरलेलं नाही. घरच्यांना आपण 'ऑफिसचे लोक'. आठ तास शेजारी बसणाऱ्याला माणसाची जी बाजू दिसते ती बहुधा घरच्यांना दिसत नाही, आणि तरीही शोकाच्या रांगेत त्याला जागा नसते. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखावर पुस्तक संपादित केलं: ज्याला समाजाची मान्यता नाही, म्हणून जे उघड करता येत नाही असं दुःख. सहकाऱ्याचं दुःख त्यात मोडतं.

गंमत म्हणजे आपलं जुनं धर्मशास्त्र या बाबतीत आजच्या रजेच्या नियमांपेक्षा उदार आहे. मनुस्मृतीत आचार्य गेल्यास तीन रात्रींचं आणि शिष्य, ऋत्विज यांच्यासाठी त्याहून अल्प असं अशौच सांगितलं आहे. म्हणजे रक्ताचं नातं नसलेल्या, केवळ कामाने जोडलेल्या माणसांसाठीही थोडं थांबायला सांगितलं होतं. त्या ग्रंथाची बाकीची उतरंड मला नको आहे आणि बँकेत सुतक पाळा असं तर मी म्हणतच नाही. पण काम हेही नातं असतं आणि ते तुटल्यावर काही काळ वेगळं वागावं लागतं, ही जाणीव जुन्या माणसांना होती एवढं खरं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ च्या ग्रंथात शोकाबद्दल एक उलटं वाटणारं निरीक्षण मांडलं. मन दुखावलं म्हणून माणूस शोक करतो असं आपण समजतो. दुर्खीमच्या मते शोक हे समूहाने लावून दिलेलं कर्तव्य असतं. समूहातला एक कमी झाला की उरलेले एकत्र येऊन स्वतःला पुन्हा बांधून घेतात. हे मान्य केलं तर आमच्या शोकसभेत काय कमी पडलं ते कळतं. भावना कमी पडली नाही. उरलेल्यांनी स्वतःवर काही बांधून घेतलं नाही. दोन मिनिटं उभे राहिलो आणि गाड्या पकडायला निघालो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, तिच्याखाली दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला.

६. चार आक्षेप

पहिला आक्षेप भावनेचा आहे: 'हिशोब मांडलात की माणूस उरत नाही. ताई म्हणजे काय कामांची यादी?' मला उलट वाटतं. 'मायाळू' हा शब्द हजारांना लागतो. 'आजोबा यंदा कधी येताहेत?' हा प्रश्न एकाच बाईचा होता. माणूस त्याच्या करण्याच्या तऱ्हेतच सापडतो. काम नेमकेपणाने सांगितलं की ते करणारी व्यक्ती आपोआप समोर येते, आणि विशेषणं रचली की ती हाराखाली दिसेनाशी होते.

दुसरा आक्षेप औचित्याचा: 'गेलेल्या माणसाबद्दल उणं बोलू नये. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, हे आता कशाला?' इथे मला आपल्याच परंपरेचा आधार आहे. टिळक आणि आगरकर हे आधी सहकारी होते: न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ चा 'केसरी', १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगातले एकशे एक दिवस. मग कडाक्याचं वितुष्ट आलं. १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला, १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, चाळिशीही गाठली नव्हती. टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला. मतभेद होते हे त्यात लपवलं नाही आणि आगरकरांची बुद्धी नि त्यांचा करारीपणा यांना बोट लावलं नाही. वैऱ्यावरही असं लिहिता येतं, मग ज्यांच्यावर आपला जीव होता त्यांच्याबद्दल खरं बोलायला काय हरकत आहे? आणि ताईंच्या बाबतीत ते उणं त्यांचं नाहीच. नाही म्हणायची वेळ त्यांच्यावर रोज आणत होतो ते आम्ही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: 'चांगुलपणाची नोंद सुरू केलीत की तो मरतो. उद्या मदतीलाही गुण द्याल, लोक गुणांसाठी मदत करतील.' ब्रिटिश विचारवंत रिचर्ड टिटमस यांनी १९७० च्या 'द गिफ्ट रिलेशनशिप'मध्ये रक्तदानाबद्दल जवळपास हेच मांडलं: रक्ताला पैसे देऊ लागलात की दानाची वृत्ती आटते आणि रक्ताचा दर्जाही घसरतो. ब्रिटनची ऐच्छिक पद्धत आणि अमेरिकेतला पैशांचा मामला यांची त्यांनी तुलना केली होती. हे मला पटतं. वार्षिक मूल्यमापनात 'सौजन्य: दहापैकी किती' असा रकाना आला तर पहिला विरोध मी करीन. पण मोबदला देणं वेगळं आणि दिसणं वेगळं. रक्तपेढी दात्याला पैसे देत नसेल, पण रक्ताचा गट, तारीख, साठा यांची नोंद चोख ठेवते. ती नसेल तर दान झालेलं रक्तही वेळेवर पोचणार नाही. मी नोंद मागतो आहे ती कामाची आहे: कोणाला फोन करावा लागतो, कोणाला डाव्या बाजूने बोलावं लागतं. फोन किती मायेने केला याची नाही.

चौथा आक्षेप तर्काचा: 'व्यवस्था नीट असेल तर चांगल्या माणसाची गरजच पडू नये. नागरिकाला त्याचा हक्क कारकुनाच्या मेहरबानीवर का मिळावा?' मॅक्स वेबरने आधुनिक नोकरशाहीचं बळ यातच पाहिलं होतं. पद वेगळं, माणूस वेगळा, आणि काम माणूस पाहून होऊ नये. मी या म्हणण्याच्या बाजूचाच आहे. पण कोणतं काम व्यक्तीवर अवलंबून राहिलंय हे आधी कळल्याशिवाय ते व्यवस्थेत आणणार कसं? ताईंची यादी वाचली तर व्यवस्थेत कुठे कुठे भोकं आहेत त्याचा नकाशाच हातात येतो. शिवाय काही गोष्टी व्यवस्थेत कधीच बसणार नाहीत. थरथरणारा हात धरून बोलत राहा, असं परिपत्रक काढता येत नाही. तेवढ्यासाठी माणूसच लागणार. निदान त्याला चार वाजेपर्यंत उपाशी ठेवू नका.

७. आधी कागद

मग करायचं काय? माझं उत्तर रूक्ष आहे. स्मृतिचषक, फोटो, झाड लावणं, या गोष्टी नंतर. आधी कागद.

घरच्यांचे कागद सर्वांत आधी. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या कक्षेतल्या कर्मचाऱ्याला १९७६ पासून ठेवसंलग्न विमा आहे. त्याचा हप्ता कर्मचाऱ्याच्या पगारातून जात नाही, म्हणून तो आहे हेच बऱ्याच घरांना ठाऊक नसतं. त्याची कमाल मर्यादा सात लाख रुपये आहे. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षांच्या सेवेची अट असते, मृत्यू झाल्यास ती अट लागत नाही. कुटुंबाचं निवृत्तिवेतन वेगळं, निधीची रक्कम वेगळी. यातलं आपसूक काही येत नाही, अर्ज करावा लागतो, आणि तो दुःखाच्या पहिल्या महिन्यात करावा लागतो. खातेदारांकडून पाठपुरावा करून नॉमिनी भरून घेणाऱ्या ताईंच्या स्वतःच्या कागदांवर नोकरीला लागतानाचाच नॉमिनी निघाला. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चार नॉमिनीपर्यंत सोय झाली आहे. तिचा प्रचार करताना आपण आपापलं पासबुक उघडून बघायला हरकत नाही. 'भेटायला' जाताना फुलांऐवजी हे फॉर्म भरून नेले तर घरचे रागावत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

अनुकंपा नियुक्तीबद्दल एक बाजूची नोंद. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये उमेशकुमार नागपाल प्रकरणात स्पष्ट केलं की अशी नोकरी हा वारसाहक्क नव्हे. कर्ता माणूस गेल्याने घरावर जे आर्थिक संकट कोसळतं त्यातून तातडीने सावरण्यापुरती ती आहे. हे न्यायाचंच आहे. कायदा घराची बाजू बघतो, पैशाची बाजू बघतो. गेलेल्या माणसाच्या हातून जे काम सुटलं त्याची बाजू कायद्याने बघावी अशी अपेक्षाही नाही. ती सहकाऱ्यांनी बघायची असते.

म्हणून दुसरे कागद शाखेचे. आम्ही ताईंची पेन्सिलीची यादी टाइप केली. खाजगी मजकूर गाळला. कोणाचा मुलगा बोलत नाही वगैरे गोष्टी ताईंना विश्वासाने सांगितलेल्या होत्या, त्या शाखेच्या मालकीच्या नाहीत. उरलेली नावं तिघांत वाटली. कोणाच्या घरी जाऊन दाखला घ्यावा लागेल ते वेगळं काढलं. वाटणी करताना पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं की हे सावकाश, रीतसर करायचं तर नोव्हेंबरभर जवळजवळ एक पूर्ण माणूस लागतो, आणि उशिरा येणाऱ्याला आता वेळेवर यावं लागेल. कुरकुर झाली. ती मला शोकसभेतल्या हुंदक्यांपेक्षा आशादायक वाटली, कारण जड लागलेल्या ओझ्याचीच माणूस कुरकुर करतो.

व्यवस्थापकांनी क्षेत्रीय कार्यालयाला पत्र लिहिलं की नोव्हेंबरपुरता एक जादा कर्मचारी मिळावा. सोबत यादी जोडली, तपशील जोडला. परवा उत्तर आलं. गेल्या वर्षापर्यंत हे काम कोणत्या कर्मचाऱ्याच्या कामवाटपात दाखवलं होतं, ते त्वरित कळवावं, असं त्यात म्हटलं आहे.